उजवीकडून

आमच्या घरात घोड्यांच्या गोष्टी आजोबांच्या वेगळ्या होत्या आणि आजीच्या वेगळ्या. आजोबांच्या गोष्टीतला घोडा कुणातरी मोठ्या माणसाला पाठीवर घेऊनच यायचा. नीरेकाठच्या होळ गावात १६९३ साली धनगराच्या घरी एक पोरगं जन्मलं. बाप लवकर गेला. आईनं पोराला खानदेशात तळोद्याला भावाकडे, भोजराज बारगळांकडे नेलं. मामाची मेंढरं वळता वळता ते पोरगं मामाच्या घोड्यांत रमलं आणि पुढं मल्हारराव होळकर झालं. आजोबा हे सांगायला लागले की होळ ते तळोदा ही सगळी वाट मेंढपाळाच्या हिशोबानं सांगत: कुठं पाणी लागलं असेल, कुठं चारा, कुठल्या नदीला उतार मिळाला असेल.

दुसरी गोष्ट पानिपतची. १७६१च्या त्या जानेवारीत महादजी शिंदे दख्खनी घोडीवर बसून रणातून निघाले. मागं एक अफगाण, त्याचं जनावर थोराड. अंतर वाढेना आणि तुटेनाही. शेवटी घोडी एका खड्ड्यात कोसळली. अफगाणानं पायावर घाव घातला, घोडी आणि कपडे घेऊन तो गेला. राणेखान भिस्त्यानं जखमी महादजींना आपल्या बैलावर घालून वाचवलं. तो पाय जन्मभर अधू राहिला. इथं आजोबा हटकून थांबायचे आणि म्हणायचे, "घोडी दमली न्हवती. खड्डा आडवा आला." इतक्या वर्षांनंतरही त्या घोडीवर कुणी बोल लावलेला त्यांना खपत नसे.

आजीकडे मात्र एकच घोडी होती. तिच्या पाठीवर हंडे, घोंगड्या, मेंढरं कोंडायच्या वाघरा, त्या आठवड्यात जन्मलेली कोकरं, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि या सगळ्यावर दोरीनं बांधून बसवलेली माझी आत्या.

आम्ही फलटणकडचे हटकर धनगर. दिवाळी झाली की वाडा निघायचा. वाडा म्हणजे काही बिऱ्हाडं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री. भोर मागं टाकून वरंधा घाट उतरायचा, महाडच्या बाजूला भाताच्या रिकाम्या खाचरांत मेंढरं बसवायची, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि पावसाच्या आधी पुन्हा वर यायचं. पुरुष मेंढरांमागं रानानं जात. बिऱ्हाड मोडणं, घोड्यांवर लादणं आणि पुढच्या मुक्कामावर चुली मांडणं हे बायकांचं काम. त्यामुळं घोडा ओळखायचा कसा हे आमच्याकडे बायकांना जास्त कळे. बाजारात जाऊन घोडा विकत मात्र पुरुष घेत.

साठ-एकसष्ट सालच्या सुमारास आजोबांनी ती घोडी आणली. बाजार कुठला, यावर चुलत्यांचं आणि आत्याचं एकमत होत नाही. कुमैत रंग, कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव चांदी. डाव्या डोळ्यात फूल पडलेलं आणि मानेवर गोम. घोडं घेताना आमच्याकडे दातांच्याही आधी भोवरे बघत. गळ्यावरचा देवमण शुभ, डोळ्याखालचा आसूढाळ वाईट, चारी पाय आणि तोंड पांढरं असलेला पंचकल्याणी तर राजाच्या दाराशी बांधायचा. चांदीच्या अंगावर शुभ असं काहीच नव्हतं. ती स्वस्तात मिळाली, आणि तेवढेच पैसे आजोबांच्या कंबरेला होते.

पहिल्याच सकाळी खोगीर घालताना तिनं आजोबांना लाथ मारली. मग चुलत्यांना. लादलेलं सामान दोनदा उधळून टाकलं. हंडे घरंगळत ओढ्यात गेले. घोडी ऐबी आहे, पुढच्या बाजाराला काढून टाकायची, असं ठरलं.

आजीनं त्यावर काही म्हटलं नाही. आत्या सांगते, तिनं फक्त बघायला सुरुवात केली. चांदी कधी बुजते, कुणाला मारते, कुठल्या वेळी शांत असते. काही दिवसांनी तिच्या ध्यानात आलं की घोडी पाणी पिताना, चरताना, मोकळी असताना कुणाचंच वाईट करत नाही. वाईट करते ती फक्त लादताना. आणि लादायला जो येतो तो डावीकडून येतो.

घोड्याच्या डाव्या अंगानं जायची ही रीत लढाईची. तलवार डाव्या कमरेला. उजवीकडून टांग टाकायला गेलं तर म्यान पायात येतं. म्हणून स्वार डावीकडून चढला, म्हणून मोतद्दारानं लगाम डावीकडून धरला, म्हणून घोडी तशीच शिकवली गेली. तलवारी गेल्या तरी रीत राहिली, आणि कधी तलवार न बांधलेल्या आमच्या वाड्यातही ती पाळली जात होती. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. एक डोळा गेला की त्या बाजूचं जवळजवळ सगळं जग जातं. चांदीला रोज सकाळी त्या अंधारातून कुणीतरी येऊन अंगाला हात लावत होतं, पाठीवर ओझं टाकत होतं. मला हे जेव्हा नीट उमगलं तेव्हा आजीविषयी माझ्या मनात जो आदर दाटला, तो मल्हाररावांविषयीच्या आदरापेक्षा तसूभरही कमी नाही.

आजी उजवीकडून जायला लागली. आधी नुसती. हातात दोर नाही, खोगीर नाही. पदरात मूठभर भिजवलेला हुलगा. घोडीनं हात हुंगायचा, खायचं, आजीनं निघून जायचं. मग घोंगडी पाठीवर ठेवून काढून घ्यायची. हंड्यांच्या खणखणाटाला ती भीत होती, म्हणून तिच्या चंदीच्या जागेजवळ रिकामी कळशी टांगली आणि येताजाता आजी तिच्यावर टिचकी मारायची. चांदी कान टवकारायची, मग एकच कान, मग तोही नाही. वाटेवर भांडी गोधडीत गुंडाळून लादायची, आणि नेहमी त्याच क्रमानं, म्हणजे पुढं काय येणार ते घोडीला ठाऊक असायचं. याला एक कोकणवारी पुरली नाही. बाजार आला तेव्हा आजीनं आजोबांकडून एक साल मागून घेतलं, आणि पुढच्या बाजाराला पुन्हा एक.

उजवीकडून जमल्यावर आजीनं डावी बाजू घेतली. कारण वाट अरुंद असते आणि प्रत्येक वेळी उजवीकडे जागा मिळत नाही. डावीकडे जायचं तर दुरूनच बोलत जायचं, आणि बोलणं थांबवायचं नाही. काय बोलायची? तर घरचंच सगळं. कुणाच्या मेंढीला काय झालं, कोण सासरी गेली, मीठ किती उरलं. वाड्यातल्या बायका म्हणत, हिच्या पोटातलं सगळं त्या घोडीला ठाऊक आहे.

वरंध्याच्या घाटात ती दरीकडे कुठला डोळा करून चालायची, यावर आमच्याकडे अजून वाद होतो. चुलते म्हणतात, धडका डोळा दरीकडे. आत्या म्हणते, डोंगराकडे, आणि दरीच्या बाजूनं आजी चालायची. आत्या घोडीच्या पाठीवर होती, चुलते मागं मेंढरांत. मी आत्याचं धरतो.

११ डिसेंबर १९६७ ची रात्र आत्याला पक्की आठवते. वाडा तेव्हा कोकणातच होता. पहाट व्हायची होती, आणि जमिनीतून घरघर आली. कोयनानगर त्या भूकंपात उद्ध्वस्त झालं हे यांना नंतर कळलं. त्या क्षणी एवढंच की मेंढरं एकदम उठून एका बाजूला लोटली, कुत्री केकाटली, घोड्यांनी मेखा उपटल्या. पायबंद असलेली घोडीसुद्धा उड्या मारत अंधारात गेली. एक तर दुसऱ्या दिवशी दुपारी सापडली. चांदी एकदा मागच्या पायांवर उठली आणि थांबली. आजी तिच्या डाव्या अंगाला उभी राहून बोलत होती. घोडी डोळ्यापेक्षा कानावर चालायला शिकली होती म्हणून थांबली, असं आत्याचं म्हणणं. घोडीच्या पायांपाशीच पोरं झोपलेली होती.

मग बहात्तरचा दुष्काळ. चारा सोन्याच्या भावानं, आणि माणसांच्या माडग्याला लागणारा हुलगाही त्याच पोत्यातला. एक व्यापारी आला. आजोबांनी रक्कम ऐकली आणि मान डोलावली. आजी म्हणाली, "घिऊन जा. सोडून घ्या तिला." व्यापारी रीतीप्रमाणं डावीकडून गेला. आजी शेजारीच उभी होती आणि तोंडातून चकार शब्द काढत नव्हती. घोडीनं त्याला चार हात लांब फेकलं. तो गेला तो परत आला नाही. आजोबांनी ही गोष्ट आम्हाला कधी सांगितली नाही; ती आत्याकडून आली.

पुढं शिकताना शिवाजी महाराजांचं चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना गेलेलं पत्र वाचनात आलं. राज्याभिषेकाच्या आगेमागेचं. दाणागवत आत्ताच उधळलंत तर पावसाळ्यात घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारलीत असं होईल, अशी समज त्यात आहे. रात्री दिवे जळत ठेवू नका, उंदीर वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजी पेटतील, इतक्या बारकाव्यापर्यंत. तो उंदीर वाचताना मला आजी दिसली. तीही चिमणी विझवल्याशिवाय पाठ टेकत नसे, आणि चिमणी गवतापासून हाकेच्या अंतरावर. राज्य चालवणाऱ्या माणसानं आणि बिऱ्हाड चालवणाऱ्या बाईनं घोड्याची काळजी एकाच नजरेनं केली, याचा मला फार आनंद वाटतो.

मी चांदीला पाहिलं ते तिच्या म्हातारपणी. डोळ्यांवर खळगे पडलेले, दात लांबलेले. तिला लादणं बंद झालं होतं, तरी वाडा निघाला की ती रिकाम्या पाठीनं सोबत चालायची. आजीनं मला तिच्याजवळ जायला शिकवलं: उजवीकडून जा, हात हुंगू दे, मग नाव घेत पुठ्ठ्यावर हात ठेवून मागनं वळसा घाल, हात उचलू नकोस. ऐंशीच्या दशकात, कोकणातून वर आल्यावर ती गेली. मीठ घालून पुरली. त्या साली आजीनं बिऱ्हाड सुनेच्या हाती दिलं.

वाड्यांतल्या या भीमथडी घोड्याला आता घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून सरकारी मान्यता मिळाली आहे. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेच्या नोंदीत ती आली. २०२३ मध्ये स्वीकारलेल्या राज्यगीतातही या तट्टांचा मान आहे. मला याचं मनापासून समाधान आहे. नोंदीत उंची येते, रंग येतात, छातीचा घेर येतो. पण ही जात आजवर टिकली ती बहुतेक मेंढपाळांच्या वाड्यांत, आणि तिथं घोडं ठेवायचं की काढायचं याचा निवाडा रोज सकाळी लादणाऱ्या बायकांनी केला. त्यांना काय ठाऊक आहे तेही कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

म्हणून गेल्या हंगामात चुलतभावाच्या सुनेला भेटायला मुक्कामावर गेलो. भांडीकुंडी आता पुष्कळदा टेम्पोतून जातात, पण जिथं टेम्पो जात नाही तिथं घोडंच. तिनं एकेका घोडीपाशी नेऊन ओळख करून दिली, आणि प्रत्येकीची ओळख तिच्या खोडीनं. ही पाण्यात पाय घालत नाही, हिच्यापुढं दुसरी घालावी लागते. ही एसटीचा हॉर्न ऐकला की बसते. ही खोगीर बांधताना पोट फुगवते, थोडं थांबून पट्टा पुन्हा ओढायचा. शेवटी एका ठेंगण्या, करड्या घोडीपाशी ती थांबली. घोडीनं माझ्या बाहीला तोंड घातलं, तशी तिनं मला हळूच मागं सारलं.

"ही चावती," ती म्हणाली. "पर ल्येकरं हिच्यावरच बांधायची."