आवाज कुणाचा?

स्नॅप या जर्मन गटाचा 'वर्ल्ड पॉवर' (१९९०) हा पहिला अल्बम मी अजून ऐकतो. फ्रँकफुर्टच्या मायकेल म्युन्झिंग आणि लुका अँझिलोटी यांनी तो केला, तोही टोपणनावांनी! त्यातल्या 'द पॉवर'ची गंमत पाहा. मूळ रूपात रॅप होता अमेरिकन चिल रॉब जीचा आणि ती प्रसिद्ध आरोळी जोसेलिन ब्राउनच्या १९८५च्या गाण्यातून उचललेली. मग टर्बो बी आणि पेनी फोर्ड यांच्याकडून ते नव्याने करून घेतलं. ठेका अफलातूनच, वादच नाही. पण नाचणाऱ्या किती जणांना जोसेलिनचं नाव ठाऊक होतं? पेनीचं तरी? व्हिडिओत तिच्या आवाजावर ओठ हलवते ती जॅकी हॅरिस...