पोट साफ होत नाही? पाणी ओढणारं रेचक घेताना घाई नको

नारायणगुडा (हैदराबाद) : नांदेड, देगलूर, बिलोली, धर्माबाद, उदगीर या पट्ट्यातल्या लोकांना दवाखान्यासाठी हैदराबाद गाठणं नवीन नाही. काचिगुडा स्थानकावर उतरलं की जवळच नारायणगुडा. मराठवाड्याचे न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांच्या नावाची केशव मेमोरियल संस्था याच भागात आहे.

इथे पेशंटसोबत आलेल्या नातेवाइकाचे दिवस मात्र अवघड जातात. ज्वारीच्या भाकरीची सवय, पण जेवण हॉटेलातलं. परक्या ठिकाणी संडास शोधावा लागेल म्हणून पाणी कमी. तासन् तास बाकड्यावर बसणं आणि वरून चहावर चहा. तिसऱ्या दिवशी पोट गच्च होतं आणि माणूस मेडिकलवर जातो. चूक होते ती बहुतेक तिथेच.

मेडिकलवर काय सांगावं?

मराठीत ‘जुलाबाचं औषध’ म्हटलं तर दोन अर्थ निघतात : जुलाब होण्यासाठीचं आणि जुलाब थांबवण्यासाठीचं. तेलुगूत तर ‘विरेचनालु’ म्हणजे चक्क पातळ जुलाब. त्यामुळे आयुर्वेदाच्या सवयीने ‘विरेचनाचं औषध द्या’ म्हणणाऱ्याच्या हातात जुलाब थांबवणारी गोळी पडू शकते. आधीच अडलेलं पोट त्या गोळीने आणखी अडतं.

म्हणून सरळ सांगावं : ‘तीन दिवस संडास झाली नाही.’ हिंदीत ‘कब्ज’, तेलुगूत ‘मलबद्धकं’ हा शब्द चालतो. सोबत वय, बीपी-शुगर-किडनीचा त्रास आणि चालू गोळ्या हेही सांगावं. लाजून अर्धवट सांगण्यात नुकसान आपलंच.

हे औषध काम कसं करतं?

लोणच्याच्या कैरीला मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं. पाणी ओढणारी रेचकं, म्हणजे ऑस्मोटिक लॅक्झेटिव्ह, साधारण याच तत्त्वावर चालतात. ती आतड्यात पाणी ओढतात किंवा तिथलं पाणी धरून ठेवतात. त्याने कडक झालेला मल मऊ होऊन पुढे सरकतो. पाणी शरीरातलंच वापरलं जातं, म्हणून औषध घेऊन पाणी न पिणं म्हणजे अर्धाच उपाय.

सोनामुखी किंवा बिसाकोडिल यांचं काम वेगळं. ती आतड्याला चेतवून हालचाल वाढवतात. पोट साफ करण्याच्या अनेक चूर्णांत सोनामुखी असते. इसबगोल हा तिसरा प्रकार. तो फुगून मलाचा आकार वाढवतो आणि त्यालाही भरपूर पाणी लागतं.

कोणतं औषध, किती वेळात?

लॅक्ट्युलोज : हे गोड सिरप. मोठ्या माणसाला साधारण १५ ते ३० मिली दिवसातून एकदा. गुण यायला २४ ते ४८ तास लागतात. सुरुवातीला गॅस होतो, पोट फुगल्यासारखं वाटतं. त्यात थोडी साखर असते, त्यामुळे शुगरवाल्यांनी डॉक्टरांना विचारावं.

पॉलिइथिलीन ग्लायकॉल : ही पावडर. नेहमीचा डोस १७ ग्रॅम, एक पेला पाण्यात पूर्ण विरघळवून. गुण यायला १ ते ३ दिवस. याच औषधाचं दोन लिटर पाण्यात मिसळायचं मोठं पाकीटही मिळतं. ते दुर्बिणीने आतड्याची तपासणी करण्याआधी पोट रिकामं करण्यासाठी असतं. साध्या बद्धकोष्ठासाठी ते घेऊ नये.

मिल्क ऑफ मॅग्नेशिया : पांढरं, दाट औषध. हे लवकर काम करतं, अर्ध्या तासापासून ६ तासांपर्यंत. म्हणून परतीची बस पकडण्याआधी घेऊ नये. आपल्याकडे ते पुष्कळदा लिक्विड पॅराफिनसोबत मिळतं. पॅराफिन तेलकट असतं, चुकून श्वासनलिकेत गेलं तर फुफ्फुसाला त्रास होतो. अंथरुणाला खिळलेल्या किंवा गिळायला त्रास होणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला ते स्वतःच्या मनाने पाजू नये.

सोडियम फॉस्फेट : हे जोरदार क्षार. २०१४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला की २४ तासांत एकापेक्षा जास्त डोस घेतल्यास किडनी आणि हृदयाला गंभीर इजा होऊ शकते, जीवही जाऊ शकतो. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय याला हात लावू नये.

मोठी चूक : ‘काही झालं नाही, अजून एक घेऊ’

रात्री लॅक्ट्युलोज घेतलं, सकाळी काही झालं नाही, म्हणून दुपारी मिल्क ऑफ मॅग्नेशिया, संध्याकाळी चूर्ण. दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा परिणाम एकदम होतो. पाण्यासारखे जुलाब, चक्कर, पायात गोळे. शरीरातलं पाणी, सोडियम, पोटॅशियम घटतं. वयस्कर माणसाला, लघवी वाढवणारी गोळी चालू असलेल्याला किंवा हृदयासाठी डिगॉक्सिन घेणाऱ्याला हे धोक्याचं ठरतं.

त्यामुळे एक वेळी एकच औषध आणि ठरलेला वेळ वाट पाहणं. डोस बाटलीच्या मापानेच मोजावा, घरातल्या चमच्याने नाही. जुलाब पातळ झाले की औषध बंद करून ओआरएस घ्यावं. सलग ७ दिवसांपेक्षा जास्त काळ स्वतःहून रेचक घेऊ नये. तेवढ्यातही फरक पडला नाही तर दुखणं वेगळं असू शकतं.

इतर गोळ्यांमध्येही अंतर लागतं. मॅग्नेशियम असलेलं औषध थायरॉइडची गोळी किंवा डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी अँटिबायोटिक्स अंगी लागू देत नाही. किती तासांचं अंतर ठेवायचं ते डॉक्टर किंवा फार्मासिस्टला विचारून घ्यावं.

आधी डॉक्टर, मग औषध

किडनीच्या पेशंटने मॅग्नेशियम किंवा फॉस्फेटचं रेचक स्वतःहून घेऊच नये. खराब किडनीला हे क्षार बाहेर टाकता येत नाहीत, ते रक्तात साठतात. डायलिसिससाठी हैदराबादला येणाऱ्यांच्या घरच्यांनी ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. ‘भरपूर पाणी प्या’ हा सल्लाही किडनी आणि हृदयाच्या सगळ्याच पेशंटना लागू नाही. ज्यांना दिवसाचं पाणी मोजून दिलंय, त्यांनी तेवढंच प्यावं.

गरोदर बाई, लहान मूल आणि नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस यांनीही आधी विचारावं.

कधी दोष आधीच्या गोळीचा असतो. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, ट्रामाडॉलसारखी वेदनाशामकं, कोडिन असलेलं खोकल्याचं औषध यांनी पोट अडतं. अशा वेळी नुसतं रेचक वाढवत जाण्याऐवजी मूळ गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलावं. ती गोळी मनानेच बंद करू नये.

ही लक्षणं असतील तर रेचक नको

पोटात जोराची कळ, पोट फुगलेलं, उलट्या, गॅसही सुटत नाही : आतडं अडल्याची ही खूण असू शकते. अशा वेळी रेचक दिलं तर जिवावर बेतू शकतं. थेट दवाखाना गाठावा.

शौचातून रक्त, काळी डांबरासारखी शौच, कारण नसताना वजन घटणं, पन्नाशीनंतर अचानक सवय बदलणं, एकदा बद्धकोष्ठ एकदा जुलाब असं आलटून पालटून होणं, ही लक्षणं ‘मूळव्याध असेल’ म्हणून अंगावर काढू नयेत. आतड्याच्या कॅन्सरची सुरुवातही अशी असू शकते. वेळेत सापडला तर उपचार होतो.

औषधाआधी हे करून बघावं

रोज संडास झालीच पाहिजे असा नियम नाही. दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही सामान्य धरलं जातं. एक दिवस चुकला म्हणून लगेच बाटली उघडायची गरज नसते.

सकाळच्या चहा-नाष्ट्यानंतर आतड्याची हालचाल आपोआप वाढते. ती वेळ दवाखान्याच्या रांगेत जाऊ देऊ नये. वेग आला की दाबू नये. कमोड असेल तर पायाखाली पाट किंवा लहान स्टूल घ्यावं, उकिडवं बसल्याचा फायदा मिळतो. भातासोबत पालेभाजी, डाळ, पेरू, पपई, जमल्यास ज्वारीची भाकरी. पथ्य नसेल तर दर दोन तासांनी थोडं पाणी. उन्हाळ्यात तर हे जास्तच सांभाळावं.

एवढं करूनही अडलं तर पाणी ओढणारं एक औषध, ठरलेल्या मापात, थोडे दिवस. जुलाब थांबत नसतील, लघवी कमी झाली किंवा माणूस गळून गेला तर १०८ ला फोन करावा. हा नंबर तेलंगणातही चालतो, महाराष्ट्रातही. दवाखान्यात जाताना घेतलेल्या औषधाची बाटली किंवा पाकीट सोबत न्यावं.