गाडा शिवेवर, रोग पाण्यात

चिकोडीच्या मुलखाने हद्दी पुष्कळ पाहिल्या. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर काही वर्षे कोल्हापूरकरांचा अंमल, पुढे कंपनी सरकारचा, मग मुंबई इलाखा आणि १९५६ साली म्हैसूर राज्य, असे या मुलखाचे धनी बदलत गेले. तथापि ज्या हद्दीपाशी येथील रयतेने जिवाच्या आकांताने हात जोडले, ती हद्द गावाची शीव होती, आणि तिच्यापलीकडे घालवावयाची होती ती पटकी.

पटकी, महामारी, वाखा, जरीमरी अशी या रोगाची, म्हणजे कॉलऱ्याची, नावे. मोडशी हे नाव तर इतके जुने की, गोव्यातील पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याने १५६३ सालच्या आपल्या ग्रंथात त्याची नोंद करून ठेवली. परंतु १८१७ च्या पावसाळ्यात बंगालमधील जेसोर येथे जी साथ उसळली, ती लष्करांच्या आणि यात्रेकरूंच्या वाटांनी पसरत १८१८ साली दख्खन ओलांडून मुंबईस पोहोचली, आणि त्यानंतर शंभर वर्षांहून अधिक काळ तिची धास्ती खेडोपाडी कायम राहिली. अशा वेळी मरीआईची पूजा बांधून, दहीभाताचा नैवेद्य दाखवून, देवीचा लहानसा गाडा वाजतगाजत शिवेपर्यंत न्यावा आणि तेथून पुढच्या गावाने तो आपल्या शिवेपलीकडे पोहोचवावा, अशी दख्खनच्या गावांची रीत होती.

या रीतीत एक खरे निरीक्षण दडलेले आहे. रोग गावोगाव प्रवास करतो आणि तो माणसांच्या वाटेने येतो, हे आपल्या पूर्वजांनी अचूक हेरले होते; त्यांना दिसले नाही ते त्याचे वाहन. १८५४ साली जॉन स्नो या डॉक्टराने लंडनमधील एका सार्वजनिक पंपाच्या पाण्याकडे बोट दाखविले, आणि १८८४ साली रॉबर्ट कॉख याने कलकत्त्यात रोग्यांच्या मळात व तळ्याच्या पाण्यात स्वल्पविरामाच्या आकाराचा जंतू दाखवून दिला. रोग्याचा मळ पाण्यात, ते पाणी निरोग्याच्या मुखात, एवढाच या रोगाचा मार्ग. जठरातील आम्लामुळे बहुतेक जंतू मरतात. परंतु जे वाचतात ते लहान आतड्याच्या अस्तराला चिकटून विष सोडतात. शंभुनाथ दे यांनी १९५९ साली कलकत्त्यात सिद्ध केलेले हे विष आतड्याच्या पेशींना अखंड क्षार व पाणी स्रवावयास लावते. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब होऊन डोळे खोल जातात, हातापायांत गोळे येतात, आणि सकाळी शेतावर गेलेला धडधाकट मनुष्य दिवस मावळण्यापूर्वी दगावू शकतो.

यात्रा या रोगाला विशेष अनुकूल. सौंदत्तीच्या यल्लम्माला बैलगाड्यांनी जाणाऱ्या भाविकांची स्नाने, धुणे आणि पिणे एकाच जलाशयावर होऊ लागली म्हणजे एका आजाऱ्याचा रोग पाण्यावाटे अनेकांच्या पोटात शिरावयास वेळ लागत नसे, आणि परतीच्या गाड्यांबरोबर तो गावोगावच्या विहिरींपर्यंत पोहोचत असे. म्हणूनच पुढे आरोग्य खात्याने विहिरींत पोटॅशियम परमँगनेट, म्हणजे आपल्या लोकांच्या तोंडचे ‘लाल औषध’, टाकण्याचा आणि यात्रेपूर्वी सुई टोचण्याचा बंदोबस्त केला.

आणि उपाय तरी किती साधा निघाला! विषाने जर्जर झालेले आतडेही साखरेच्या सोबतीने मीठ व पाणी शोषून घेते. या तत्त्वावर १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी साखर-मिठाचे पाणी पाजून मृत्यूचे प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्या आत आणले. एक लिटर स्वच्छ पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ: हे प्रत्येक घरास ठाऊक असावे, मात्र रोगी निस्त्राण झाल्यास त्याला विनाविलंब दवाखान्यात न्यावे.

दूधगंगा आणि वेदगंगा महाराष्ट्रातून कर्नाटकात येतात, कृष्णाही येते. पाणी कोणत्याही राज्याची हद्द मानीत नाही. तेव्हा वरच्या गावाने खालच्या गावाचे पाणी आपलेच समजून राखावे. शेजाऱ्याच्या शिवेत रोग ढकलून कोणतेही गाव कधी सुरक्षित झाले नाही. शेजाऱ्याचे पाणी निर्मळ राखूनच ते होईल.