उघड्या डोळ्यांचा येशू

ऑफिसच्या टीमबरोबर गोव्याला गेलो होतो. पणजीच्या फोंतेन्हासमध्ये बाकीचे रंगीत घरांसमोर फोटो काढत बसले. मला ऊन सहन होईना, म्हणून मी सेंट सेबॅस्टियनच्या छोट्या चॅपेलमध्ये शिरलो आणि समोरचा क्रूस बघून थबकलो. येशूची मान ताठ होती. डोळे सताड उघडे. तो माझ्याकडेच बघत होता.

आपण पाहिलेला क्रूसावरचा येशू बहुतेक वेळा मान टाकलेला, डोळे मिटलेला असतो. मग हा असा का? तिथे सांगतात ती गोष्ट अंगावर येते. हा क्रूस मूळचा जुन्या गोव्यातल्या इन्क्विझिशनच्या वाड्यातला. १५६० ते १८१२, मधली मोजकी वर्षं सोडली तर, हे धर्मन्यायालय गोव्यात होतं. बाटल्यावरही घरात जुने देव, जुन्या रीती पाळतात अशा संशयावरून लोकांना तिथे उभं केलं जायचं. आरोपीला धाक बसावा म्हणून येशूचे डोळे उघडे ठेवले, असं म्हणतात.

न्यायालय बंद झाल्यावर क्रूस पणजीतल्या आदिलशहाच्या राजवाड्यात आला आणि १९१८ मध्ये या चॅपेलमध्ये. जुन्या गोव्यातला तो वाडाही मूळचा आदिलशहाचाच. आमच्या नळदुर्गच्या किल्ल्यात पाणीमहाल बांधणारी हीच आदिलशाही. त्यामुळे धाराशिवच्या पोराला ही गोष्ट अगदीच परकी वाटली नाही.

पुण्यात परतल्यावर त्या डोळ्यांनी पिच्छा सोडला नाही. बग शोधताना आपण जुन्या व्हर्जनमध्ये मागे मागे जातो, तसा मी मागे जात थेट मध्ययुगीन इटलीत पोचलो. तिथल्या चर्चमध्ये लाकडी फळ्यांवर रंगवलेले भलेमोठे क्रूस टांगलेले असत. फळीवर कापड चिकटवायचं, त्यावर जिप्सम आणि सरसाचा गुळगुळीत थर, मग सोन्याचा वर्ख आणि अंड्याच्या बलकात कालवलेले रंग. सार्झाना गावात गुल्येल्मो नावाच्या चित्रकाराचा ११३८ चा क्रूस आहे. त्यावरचा येशू ताठ उभा आहे, डोळे उघडे. असिसीचा संत फ्रान्सिस ज्याच्यासमोर प्रार्थना करायचा, तो सान दामियानोचा क्रूसही तसाच. या डोळ्यांचा अर्थ होता, मरणाला जिंकलेला देव. बघणाऱ्याला त्यातून धीर मिळायचा.

तेराव्या शतकात चित्र पालटलं. जुंता पिसानो आणि त्याच्यानंतर चिमाबुए यांनी येशूचे डोळे मिटले, मान कलती केली, अंग वेदनेनं वाकवलं. देवाचं दुःख आपलंच समजून सोसावं, या फ्रान्सिसपंथी साधूंच्या शिकवणीचा त्यात मोठा वाटा होता. आपल्या ओळखीचा येशू तिथून आला.

म्हणजे उघडे डोळे मुळात भीती घालायला नव्हतेच. सार्झानात त्यांच्यासमोर भाविक गुडघे टेकायचा, जुन्या गोव्यात आरोपी उभा असायचा. फरक एवढाच, आणि तो फार मोठा.

माझ्या आजीची नजर मोतीबिंदूनं गेली होती, तरी ती तुळजापूरच्या रांगेत तासन् तास उभी राहायची. मी एकदा विचारलं, "आजी, तुला दिसत तर नाही, मग दर्शन कसलं?" ती म्हणाली, "मला दिसंना बाबा, पर तिला तर मी दिसते की."

आता त्या वाड्यात उभी केलेली एखादी गोव्याची आजी डोळ्यांसमोर येते. कुलदेवीपुढे चोरून दिवा लावणारी. आपल्याला देव बघतोय, या एका आधारावर तिचा जन्म गेलेला. आणि इथे तेच बघणं तिच्याविरुद्ध साक्षीला उभं केलेलं.

लाकडाचे ते डोळे आजही उघडेच आहेत. आता त्यांच्यासमोर मेणबत्त्या जळतात, आणि कुणी कुणाला काही विचारत नाही.