मात्रेचा भरवसा : औषधपरीक्षणाचा कायदा आणि चोरट्या बाजारातील स्टेरॉइडे

समुद्रमंथनातून निघालेले अमृत आणि धन्वंतरी विष्णूने परळीच्या ज्योतिर्लिंगात दडविले व असुरांच्या हाती लागू दिले नाहीत, अशी वैद्यनाथ ह्या नावामागची स्थलकथा आहे. औषध कोणाच्या हाती जावे, ह्याची चिंता तीत आहे; ते खरे की खोटे, ही शंका तीत नाही. ती शंका अर्वाचीन काळाची होय.

औषधाची शुद्धता राज्यसंस्थेने पाहावी, हा विचार हिंदुस्थानात उशिरा रुजला. १९२७ साली पुण्याचे सर हरून जाफर ह्यांनी कौन्सिल ऑफ स्टेटमध्ये तसा ठराव मांडला. १९३० मध्ये कर्नल रामनाथ चोप्रा ह्यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली व पुढील वर्षी तिचा अहवाल आला. १९३७ साली कलकत्त्यास परीक्षणाची प्रयोगशाळा निघाली आणि १९४० साली औषध कायदा संमत झाला. त्याचा अंमल प्रत्यक्ष सुरू व्हावयास १९४७ उजाडले. तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यास तो लागू होता. पण शेजारचा बीड जिल्हा, आणि म्हणून परळीही, निजामाच्या राज्यात असल्याने त्याच्या कक्षेबाहेर होती.

संप्रेरकांची मात्रा मोजणे हा ह्याच काळातील वेगळा व अधिक बिकट प्रश्न होता. पुरुषसंप्रेरक केवळ तराजूवर तोलून भागत नसे. खच्ची केलेल्या कोंबड्यास अर्क टोचावयाचा आणि त्याचा तुरा किती वाढतो ते मोजावयाचे, ही तेव्हाची रीत. ०.१ मिलिग्रॅम अँड्रोस्टेरोनचा जो परिणाम, तो एक आंतरराष्ट्रीय एकक ठरला. १९३५ साली टेस्टोस्टेरोन कृत्रिम रीतीने तयार झाले, तेव्हा वजनाला अर्थ आला. तरीही घोटाळा पुरता संपला नाही. शंभर मिलिग्रॅम टेस्टोस्टेरोन एनान्थेटमध्ये मूळ टेस्टोस्टेरोन सुमारे बहात्तर मिलिग्रॅमच असते. बाकीचे वजन त्यास जोडलेल्या आम्लाचे. कुपीवर नुसता आकडा छापला, तर तो नेमका कशाचा, हे वाचणाऱ्यास उमजत नाही.

१९५८ मध्ये सिबा कंपनीने मेथांडिएनोन हे स्टेरॉइड डायनाबॉल नावाने अमेरिकेच्या बाजारात आणले. भारतात असली द्रव्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी आहे. चिठ्ठी टाळणारा ग्राहक चोरट्या मालाकडे वळतो, आणि तेथे कायद्याचे एक मोलाचे साधन त्याच्या हातून निसटते. कलम २६ अन्वये औषध विकत घेणाऱ्या कोणासही ठरलेले शुल्क भरून सरकारी विश्लेषकाकडून ते तपासून घेता येते. कायदेकर्त्यांची ही दूरदृष्टी वाखाणण्याजोगी आहे; पण ज्याने माल लपून घेतला, तो हा हक्क बजावणार कसा? रंग पालटणाऱ्या घरगुती कसोट्या फार तर द्रव्याचे नाव सुचवितात. ते किती आहे हे त्या सांगत नाहीत. त्यासाठी प्रमाणित नमुना आणि द्रवक्रोमॅटोग्राफीचे यंत्र लागते. ह्या मालात लेबलाहून कमी, अधिक, कधी वेगळेच द्रव्य असल्याचे अनेक देशांतील परीक्षणांत आढळले आहे.

उजळ बाजारही निर्धोक असतो असे नव्हे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकोलमिश्रित ग्लिसरीनमुळे चौदा रुग्ण दगावले. तेथे मात्र न्यायमूर्ती लेंटिन आयोगास माल कोठून आला, कोणी तपासला, कोणी तपासला नाही, ह्याचा माग काढता आला. कारण कागद होते.

क्रीडाक्षेत्रात परीक्षण कुपीचे होत नाही, माणसाचे होते. स्टेरॉइडांसाठी ते ऑलिंपिकमध्ये १९७६ साली माँट्रियल येथे सुरू झाले. महाराष्ट्र केसरी किताब तीनदा जिंकणारे मल्ल नरसिंग यादव ह्यांच्या नमुन्यांत २०१६ साली मेथांडिएनोन आढळले. आपल्या पेयात कोणीतरी ते मिसळले, असे त्यांचे म्हणणे होते व राष्ट्रीय संस्थेने ते ग्राह्य धरले. रिओ येथील क्रीडा लवादापुढे वाद अखेर मात्रेवरच आला. पहिल्या नमुन्यातील प्रमाण पाण्यात कालविलेल्या भुकटीचे नसून एकदोन गोळ्या पोटात गेल्याचे दर्शविते, अशी तज्ज्ञाची साक्ष झाली. १८ ऑगस्ट रोजी लवादाने त्यांच्यावर चार वर्षांची बंदी घातली.