पेवातला कंदील



वायूंच्या दाबावर बोलायचे तर ह्या व्यासपीठावर रसायनशास्त्राचा एखादा प्राध्यापक शोभला असता. माझे शाळेतले शिक्षण नववीत संपले. पुढचे सारे नगरवाचनालयात, तेही युनियनच्या कामातून वेळ मिळेल तसे. तरीसुद्धा हा विषय मी चालकांकडून मागून घेतला. एकदा तो मला ठाऊक नव्हता, म्हणून दोन मृत कामगारांची बाजू मी मांडू शकलो नाही. ती हकीकत ओघात येईलच.

माझे वडील सांगलीच्या पेठेत हळदीची पोती वाहत. सांगलीजवळच्या हरिपूरची पेवे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली असतील. २००५ च्या महापुराने त्यांची फार हानी केली. तोंड अरुंद, पोट मोठे, अशी ती जमिनीच्या पोटातली कोठारे. हळद भरून तोंड लिंपले की आत वारा नाही आणि उजेडही नाही. पेव फोडले की लगेच कोणी उतरत नसे. ते काही तास उघडे ठेवीत, मग दोरीला कंदील बांधून आत सोडीत. ज्योत मालवली तर कंदील वर, आणि माणूसही वरच. लहानपणी मी एका वृद्ध हमालाला विचारले होते, "तात्या, कंदील जळतोय आणि मानूस पडला, असं कधी हुतं का?" तात्या म्हणाले, "न्हाई रं. दिवा जगतो तितं मानूस जगतो."

पेवापुरते तात्यांचे म्हणणे खरे होते. मी मात्र ते साऱ्या पृथ्वीला लावून बसलो.

पुढे मी सफाई कामगारांच्या संघटनेत आलो. एका गावी, त्याचे नाव मी घेत नाही, गटाराच्या विहिरीत दोघे जण गेले. पहिला गाळ काढायला उतरला होता, दुसरा त्याला काढायला. मी कार्यालयात भांडायला गेलो, तेव्हा साहेबांनी माझ्यापुढे एक चिठ्ठी सरकवली. उतरण्यापूर्वी हवा मोजली होती: ऑक्सिजन २०.८ टक्के. "बाहेर आपण घेतो तीच हवा. आता तुम्हीच सांगा, हवेने माणूस कसा मेला?" मला सांगता आले नाही. चिठ्ठी खोटी असणार, एवढेच मी म्हणत राहिलो. खोटेपणाचा पुरावा माझ्याजवळ नव्हता. आज मला वाटते, चिठ्ठी बहुधा खरीच होती.

त्या चिठ्ठीचे उत्तर मला सापडले ते मँचेस्टरच्या एका शाळामास्तराच्या चरित्रात. जॉन डाल्टन हा १७६६ साली इंग्लंडातील कंबरलंड परगण्यात एका विणकराच्या घरी जन्मला. बाराव्या वर्षीच तो मुलांना शिकवू लागला. अणुवादासाठी त्याचे नाव सर्वतोमुखी आहे, परंतु त्याचे पहिले वेड हवापाण्याचे. १७८७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १८४४ पर्यंत, सत्तावन्न वर्षे त्याने हवामानाची रोजनिशी ठेवली. ह्या वेडातूनच त्याला प्रश्न पडला: पाण्याची वाफ हवेत राहते कशी? त्या काळच्या विद्वानांचे मत असे की, साखर पाण्यात विरघळावी तशी वाफ हवेत विरघळते. डाल्टनने ते मोजून पाहिले. निर्वात नळीत पाण्याचा थेंब सोडला तर त्याची वाफ पाऱ्यावर दाब देते. सव्वीस अंश उष्णतेला तो दाब पाऱ्याच्या सुमारे २५ मिलिमीटर भरतो. आता निर्वात नळीऐवजी कोरड्या हवेने भरलेले बंद भांडे घ्या आणि त्यात पाणी सोडा. दाब किती वाढतो? तितकाच, २५ मिलिमीटर. भांड्यात हवा आहे की नाही, ह्याची वाफेला दादच नाही!

१८०१ साली त्याने हे मँचेस्टरच्या विद्वत्सभेपुढे मांडले आणि पुढच्या वर्षी ते छापून आले. मिश्रणातला प्रत्येक वायू जणू त्या जागेत एकटाच आहे अशा रीतीने आपापला दाब देतो, आणि साऱ्यांच्या दाबांची बेरीज म्हणजे एकूण दाब. एकेकाच्या ह्या वाट्याला आंशिक दाब म्हणतात. समुद्रकाठी हवेचा दाब ७६० मिलिमीटर. हवेत ऑक्सिजन शंभरात एकवीस. तेव्हा ऑक्सिजनचा आंशिक दाब सुमारे १६० मिलिमीटर. गणित चौथीच्या मुलाला जमेल असे आहे. गंमत अशी की, ह्या नियमाचे डाल्टनने दिलेले कारण चुकीचे होते. एका वायूचे कण फक्त आपल्या जातीच्या कणांना दूर लोटतात, परजातीच्या कणांना ओळखतही नाहीत, असे तो समजत असे. कण सैरावैरा धावत भांड्याच्या भिंतींवर आपटतात आणि त्या आपटण्यालाच आपण दाब म्हणतो, हे नीट उलगडायला आणखी अर्धे शतक जावे लागले. नियम मात्र टिकला. विणकराच्या ह्या मुलाच्या शवपेटीपुढून मँचेस्टरची सुमारे चाळीस हजार माणसे गेली, असे नमूद आहे.

आपला मित्र विल्यम हेन्री ह्याला मात्र डाल्टनचे म्हणणे आरंभी पटेना. हेन्री पाण्यात वायू किती विरतो हे मोजीत होता. १८०३ साली त्याने दाखविले की, पाण्यावर एखाद्या वायूचा दाब जितका, तितक्या प्रमाणात तो वायू पाण्यात शिरतो. ह्याच मापांनी पुढे त्याला डाल्टनच्या बाजूला आणले. सोड्याची बाटली उघडल्यावर फसफसते ती ह्याच नियमाने. बाटली हलवून उघडली तर काय होते हे कोणाला सांगायला नको. ही हलवलेली बाटली कृपा करून लक्षात ठेवा.

आता फुप्फुसाकडे येऊ. १५ एप्रिल १८७५ रोजी पॅरिसहून 'झेनिथ' नावाचे विमान, म्हणजे वायूचा मोठा फुगा, तिघांना घेऊन आकाशात चढले. आठ हजार मीटरच्या वर हवेचा दाब २६० मिलिमीटरच्या आसपास उतरला. ऑक्सिजनच्या पिशव्या बरोबर होत्या; पण वेळ आली तेव्हा त्यांकडे हात नेण्याचे बळ अंगात उरले नव्हते. क्रोसे-स्पिनेली आणि सिव्हेल हे दोघे मेले, तिसांदिये एकटा वाचला. हवेत ऑक्सिजन शंभरात एकवीसच होता! उणा पडला तो त्याचा दाब. १६० चा ५५ झाला होता. पॉल बर्ट ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने पक्ष्यांवर आणि पोलादी कोठीत बसून स्वतःवरही प्रयोग केले, आणि १८७८ च्या आपल्या भल्यामोठ्या ग्रंथात सिद्ध केले की शरीराला टक्केवारी कळत नाही. त्याला कळतो तो आंशिक दाब.

इथे तात्यांचा कंदील माझ्या डोळ्यांपुढे पुन्हा हलला. ज्योतीचा हिशेब वेगळा आहे. हवेतला ऑक्सिजन शंभरात सतराच्या आसपास आला की ज्योत विझते. माणूस त्या हवेत हिंडू-फिरू शकतो. म्हणूनच पेवात कंदील आधी मरतो आणि माणसाला सावध करतो. उलट लडाखात साडेचार हजार मीटर उंचीवरच्या मठांत लोण्याचे दिवे संथ तेवतात आणि नवखा प्रवासी धापा टाकतो, कारण तिथे टक्केवारी पूर्ण पण ऑक्सिजनचा दाब जेमतेम ९० मिलिमीटर. दिवा जगतो तिथे माणूस जगतो, हे जगाचे सूत्र नव्हे. आणि विषारी वायूपुढे तर कंदील अगदीच आंधळा. १८९६ च्या जानेवारीत वेल्समधील टायलर्सटाउनच्या कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन ५७ कामगार गेले. जॉन स्कॉट हाल्डेन ह्या वैद्याने प्रेते तपासली, तेव्हा बहुतेकांना आगीने वा दगडाने नव्हे, कार्बन मोनॉक्साइडने मारले होते असे दिसले. तो वायू हवेत इतका थोडा पुरतो की दिवा खुशाल जळत राहतो. खाणीत उंदीर वा लहान पक्षी न्यावा ही सूचना हाल्डेनचीच. ब्रिटिश खाणींतून कॅनरी पक्षी निवृत्त झाला तो १९८६ साली.

ह्या हाल्डेनचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन आपल्याला अधिक जवळचा. तो १९५७ साली भारतात आला, इथला नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला. १ जून १९३९ रोजी लिव्हरपूलच्या उपसागरात 'थेटिस' ही नवी पाणबुडी चाचणीच्या वेळी बुडाली. आत नेहमीच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे १०३ माणसे होती. त्यांत पुष्कळसे गोदीचे कामगार. ९९ मेले. चौकशी सुरू झाली, तेव्हा यंत्रकामगारांच्या आणि वीजकामगारांच्या युनियनांनी हाल्डेनला आपल्या बाजूने उभे केले. स्पेनच्या युद्धात लढलेल्या चौघांना घेऊन तो पोलादी कोठीत कित्येक तास कोंडून बसला. श्वासाश्वासाने कार्बन डायॉक्साइड वाढत गेला, धाप लागली, डोके ठणकू लागले. थेटिसमधील माणसांना आधी ग्रासले ते ऑक्सिजनच्या तुटीने नव्हे, ह्या वायूने. त्यात सुटकेच्या कोठडीत पाणी घेऊन दाब बाहेरच्याइतका करावा लागे. पन्नास मीटर खोलीवर दाब सहापट. शंभरात पाच भाग असलेला तो वायू तिथे शंभरात तीस असल्यासारखा अंगावर येतो. मुखवटा लावायला क्षणाचा उशीर झाला तर माणूस शुद्ध हरपतो. शास्त्रज्ञाला वकीलपत्र देणाऱ्या त्या युनियनांचा मला, खरे सांगतो, हेवा वाटला. आम्ही घोषणा घेऊन गेलो होतो.

तर आता त्या चिठ्ठीकडे. गटारात मारतो तो बहुधा हायड्रोजन सल्फाइड. हवेच्या हजार भागांत त्याचा एक भाग झाला की एक-दोन श्वासांत माणूस कोसळतो. त्या एका भागाने ऑक्सिजन किती घटतो? २०.९ चा २०.८८ होतो. चिठ्ठीवर फरक दिसणारच नाही! ऑक्सिजनला विचारले तर तो ऑक्सिजनचेच सांगणार. शेजारच्याची साक्ष तो देत नाही, हे डाल्टनने १८०१ मध्येच सांगून ठेवले होते. सडक्या अंड्याच्या वासावर विसंबावे, तर वायू वाढला की नाकच बधिर होते. आणि मोजणी झाली ती विहीर निवांत असताना. हा वायू गाळाच्या पाण्यात विरलेला असतो. कामगार पाय घालतो, बांबूने गाळ ढवळतो, आणि हेन्रीची बाटली हलते.

माझ्या मनातून न जाणारा तो दुसरा माणूस. लंडनच्या पोस्टमन्स पार्कमध्ये पराक्रमी सामान्यजनांच्या स्मरणार्थ एक भिंत आहे. १ जुलै १८९५ रोजी ईस्ट हॅमच्या मैलापाण्याच्या पंपघरात सोबत्याला वाचवायला उतरून प्राण गमावलेल्या चौघांची नावे तिथे फरशीवर लिहिली आहेत. आमच्या गावच्या त्या माणसासाठी भिंत नाही.

२०१३ च्या कायद्याने साधनांवाचून गटारात उतरविणे गुन्हा ठरला. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १९९३ पासूनच्या प्रत्येक गटारमृत्यूसाठी दहा लाखांची भरपाई सांगितली, २०२३ मध्ये तीस लाखांची. उतरविणे मात्र थांबलेले नाही. त्या कार्यालयात मी पुन्हा गेलो. साहेब बदलले होते. चिठ्ठीवर एका आकड्याऐवजी चार रकाने असावेत असे मी मांडले: ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड आणि पेट घेणारे वायू. बराच वाद झाला, पण चार रकाने छापले गेले. मोजणी गाळ ढवळल्यावर आणि काम चालू असेपर्यंत करावी, ही ओळ मात्र अजून छापलेली नाही. आमचा मुकादम ती प्रत्येक चिठ्ठीवर पेनाने लिहितो.