रुग्णवाहिकेच्या चिठ्ठीची कुळकथा

1980 च्या दशकात लंडनच्या वॉटर्लू रोडवरच्या अँब्युलन्स मुख्यालयात एक सरकता पट्टा होता. फोन घेणारा कर्मचारी छापील फॉर्मवर पत्ता आणि तक्रार लिहायचा, मग नकाशांचं पुस्तक उघडून ती गल्ली कुठल्या चौकोनात येते ते शोधायचा, चौकोनाचा क्रमांक फॉर्मवर टाकायचा आणि फॉर्म पट्ट्यावर सोडून द्यायचा. पट्टा संपायचा तिथे बसलेला दुसरा माणूस एकेक फॉर्म उचलून वाचायचा. एकाच अपघातासाठी चार जणांनी फोन केलेला असेल तर चार फॉर्म यायचे. त्यातले तीन बाजूला काढायचे, तेही निव्वळ आठवणीच्या जोरावर. मग शहराच्या तीन विभागांपैकी जो असेल, त्या विभागाच्या वाटप करणाऱ्याकडे फॉर्म जायचा. त्याच्यापुढे प्रत्येक गाडीच्या नावाचा वेगळा कागद असायचा. गाडी ठाण्यावर आहे, वाटेत आहे की रुग्णालयाच्या दारात अडकली आहे, हे रेडिओवाल्याकडून कळेल तसं त्यावर टिपलेलं. ते पाहून गाडी ठरायची. ठाण्यावर असेल तर फोन, रस्त्यावर असेल तर रेडिओ. फोन आल्यापासून गाडी निघेपर्यंतच्या या साऱ्या खटाटोपाला मुदत होती तीन मिनिटांची.

यातली खरी अडचण पट्ट्याची नव्हती. दहा मिनिटांनी त्याच माणसाचा पुन्हा फोन आला, ‘गाडी कुठवर आलीय?’, की फोन घेणाऱ्याला काहीच ठाऊक नसायचं. चिठ्ठी त्याच्या हातातून केव्हाच गेलेली. मग खुर्ची सोडून वाटप करणाऱ्याच्या टेबलापर्यंत चालत जायचं, विचारायचं, परत यायचं. तोवर त्याच्या जागेवरचा पुढचा फोन वाजत राहायचा.

आजच्या कंट्रोल रूममध्ये प्रत्येकापुढे दोन-तीन पडदे असतात, कानावर हेडसेट, नकाशावर सरकणारे गाड्यांचे ठिपके. दिसायला हे विमानतळाच्या जातीचं वाटतं, पण कूळ त्या चिठ्ठीचंच आहे. एका खोलीतल्या एका कानात शिरलेली बातमी दुसऱ्या हातापर्यंत पोचवायची, एवढंच काम. चिठ्ठी जिथे जिथे अडली, तिथे तिथे एक उपकरण जन्माला आलं.

तारेची वर्दी चिठ्ठीच्या आधीची. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाने 1869 साली घोड्यांच्या रुग्णगाड्या सुरू केल्या, तेव्हा पोलीस ठाण्यातून तारेने वर्दी यायची आणि घोडा जुंपून गाडी सुटायची. गाडी एकदा फाटकाबाहेर पडली की परत येईपर्यंत तिचा ठावठिकाणा कुणालाच कळत नसे. ही उणीव रेडिओने भरून काढली, पण त्याला कित्येक दशकं जावी लागली.

टेलिफोन आला आणि वेगळीच पंचाईत झाली. नोव्हेंबर 1935 मध्ये लंडनच्या विम्पोल स्ट्रीटवर एका घराला आग लागली आणि पाच स्त्रिया गेल्या. समोर राहणाऱ्या गृहस्थाने अग्निशमन दलासाठी शून्य फिरवलं होतं, पण वेलबेक एक्स्चेंजने त्याला रांगेतच ठेवलं. चिडून त्याने ‘द टाइम्स’ला पत्र लिहिलं, प्रकरण संसदेत गेलं, समिती बसली. ऑपरेटर बाईंची यात चूक काढता येत नाही. त्यांच्या बोर्डावर आगीचा फोन आणि दूरच्या गावी बोलायचंय म्हणणाऱ्याचा फोन, दोन्ही सारखेच दिसायचे. उपाय म्हणून 30 जून 1937 रोजी लंडनमध्ये 999 सुरू झाला. एक-एक-एक घेतला नाही, कारण तारा एकमेकींना घासल्या तरी तो आकडा आपोआप लागायचा. नऊचं भोक तबकडीवर शून्याच्या शेजारी. पैसे टाकायच्या फोनवर शून्य फुकट लागायचा, तशीच सोय नऊला करणं सोपं होतं.

नंबराच्या कौतुकात एक्स्चेंजच्या आत काय बसवलं ते विसरलं जातं. 999 लागला की बोर्डावर लाल दिवा पेटायचा आणि भोंगा वाजायचा. तो भोंगा इतका कर्कश होता, की त्याच्या तोंडात टेनिसचा चेंडू कोंबून आवाज कमी केला गेला, असं सांगतात. मला या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत आवडतं उपकरण वाटतं. आज पडद्यावर तातडीचा कॉल लाल पट्टीने उजळतो, त्याचा आजा हा चेंडू कोंबलेला भोंगा.

फोन आधी उचलला जाऊ लागला, पण उचलल्यावर बोलायचं काय, हे कुणी ठरवलंच नव्हतं. पत्ता विचारा, ‘गाडी पाठवतो’ म्हणा, फोन ठेवा. पाय मुरगळला असो की हृदय थांबलेलं असो, गाडी एकाच वेगाने, सायरन वाजवत सुटायची आणि अधूनमधून वाटेत स्वतःच अपघात करायची. सॉल्ट लेक सिटीच्या अग्निशमन दलाचे डॉक्टर जेफ क्लॉसन यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीला यावर कार्डं तयार केली. आठ इंच बाय पाच इंचाच्या कार्डांचे 29 जोड. तक्रारी इंग्रजी अकारविल्हे लावलेल्या: पोटदुखी पहिली, पाठदुखी पाचवी, भाजणं सातवं. हृदय बंद पडण्याचा नंबर नववा लागला तो केवळ अक्षराच्या हिशेबाने, आणि आजही तो नऊच आहे. कार्डावर तीन गोष्टी असायच्या: विचारायचे प्रश्न, त्यावरून कुठली गाडी किती घाईने पाठवायची ते, आणि गाडी पोचेपर्यंत फोनवरच्या माणसाकडून काय करून घ्यायचं ते.

तिसऱ्या गोष्टीवरून खूप वाद झाले. फोनवर बसलेल्या कारकुनाने डॉक्टरकी करायची? कुणी दगावला तर कोर्टात कोण उभं राहणार? मात्र एरिझोनातल्या फीनिक्स शहरात 1970 च्या दशकाच्या मध्यावर एका पॅरामेडिकने एका आईला फोनवरूनच बाळाला श्वास कसा द्यायचा ते सांगितलं होतं, आणि सिॲटलच्या किंग काउंटीत 1980 च्या दशकात डॉ. मिकी आयझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फोनवरून छाती दाबायला शिकवण्याची रीतसर पद्धत बसवली. खोलीतल्या माणसाचं काम तिथे बदललं. तो निरोप्या होता, आता गाडीच्या आधी पोचणारा पहिला माणूस झाला.

कार्ड नेमकं काय करतं ते एका प्रश्नापाशी थांबून पाहण्यासारखं आहे. ‘शुद्धीवर आहेत का?’ नाही. ‘श्वास चालू आहे का?’ घरातली माणसं पुष्कळदा ‘हो’ म्हणतात. खरं तर ते आचके असतात. हृदय थांबल्यावरही काही मिनिटं शरीर मधूनच हवा ओढत राहतं आणि बघणाऱ्याला तो श्वास वाटतो. अनुभवी माणूस या ‘हो’वर विसंबत नाही, श्वास कसा चालू आहे ते विचारतो. छातीकडे बघा, प्रत्येक श्वासाला ‘आता’ म्हणा. दोन ‘आता’मधलं अंतर लांबलं, की फोन स्पीकरवर ठेवायला सांगायचं आणि छातीच्या मधोमध हात रोवून मिनिटाला शंभर ते एकशेवीस या वेगाने दाबायला लावायचं, मोठ्याने मोजत. ही कार्डं पुढे संगणकात गेली. उत्तरं भरत गेलं की पडदाच अल्फा, ब्राव्हो, चार्ली, डेल्टा, एको यातली घाईची पायरी ठरवतो. ‘नऊ-ई-एक’ असा संकेत उमटला, की वाटप करणाऱ्याला पुढचं वाचायची गरज पडत नाही. लंडननेही पुढे हीच पद्धत घेतली.

आता 1992. लंडनच्या सेवेने ठरवलं, की कागद नकोच. संगणकाने फोनची नोंद घ्यावी, गाड्यांची ठिकाणं स्वतः ओळखावीत, जवळची गाडी स्वतः निवडावी. 600 चौरस मैलांचा इलाखा, 68 लाख वस्ती, दिवसाला दोन ते अडीच हजार कॉल. कंत्राट सर्वांत स्वस्त बोलीला गेलं, सुमारे साडेनऊ लाख पौंडांना. 26 ऑक्टोबरला सकाळी सात वाजता प्रणाली सुरू झाली तेव्हा 81 ज्ञात दोष तसेच होते. खोलीची मांडणी बदललेली, विभागवार शेजारी बसणारे वाटपवाले विखुरलेले, आणि कागद उचलून ठेवलेला.

प्रणालीला हवी होती बिनचूक माहिती. गाडीतल्या माणसाने ‘निघालो’, ‘पोचलो’, ‘मोकळा’ ही बटणं क्रमाने दाबली पाहिजेत आणि रेडिओने ती खोलीपर्यंत आणली पाहिजेत. धावपळीत क्रम चुकायचा, काही भागांत रेडिओ पोचायचाच नाही. मग संगणकाच्या लेखी मोकळी गाडी गुंतलेली ठरायची आणि गुंतलेली मोकळी. एका ठिकाणी दोन गाड्या जायच्या, दुसरीकडे एकही नाही. चुकांच्या सूचनांची यादी इतकी वाढली, की वरच्या ओळी पडद्याबाहेर सरकून गेल्या आणि कुणी वाचल्याच नाहीत. वाट पाहून थकलेले लोक परत फोन करत, त्या फोनांनी यादी आणखी लांबे. जुन्या पद्धतीत खुर्ची सोडून जाणारा माणूस वेळखाऊ होता खरा, पण ‘ती गाडी मघाशीच परत आलीय’ हे त्याला वाटेत कुणीतरी सांगायचं. ती वाट आता बंद झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धा कागद परत आणला गेला. 28 तारखेला मुख्याधिकाऱ्याने राजीनामा दिला. 4 नोव्हेंबरला पहाटे दोनच्या सुमारास उरलीसुरली यंत्रणाही आडवी झाली. एका प्रोग्रामरने तीन आठवड्यांपूर्वी, प्रणाली सुरू व्हायच्या आधीच, चुकून मागे ठेवलेला कोडचा एक तुकडा गाडी पाठवली की दर वेळी सर्व्हरची थोडी मेमरी घ्यायचा आणि सोडायचाच नाही. तोवर सगळी मेमरी खाऊन झाली. खोली पूर्णपणे कागदावर परतली. वृत्तपत्रांत वीस-तीस मृत्यूंचा आकडा फिरला, पण चौकशी समितीला कोरोनरच्या निकालात या गोंधळाच्या माथी मारलेला एकही मृत्यू सापडला नाही. जगभरच्या सॉफ्टवेअर अभ्यासक्रमांत हे प्रकरण अजून शिकवतात.

जानेवारी 1996 मध्ये लंडनने पुन्हा संगणक आणला, तो बेताने. आधी फक्त फोनची नोंद. पडद्यावर काय कुठे हवं ते फोन घेणाऱ्यांनाच विचारून ठरवलेलं. पत्ता शोधण्याची सोय नंतर, बाकीचं त्याहून नंतर. 2011 च्या जूनमध्ये नव्या प्रणालीचा पहिला प्रयत्न फसला तेव्हा पेन-कागद निघाले. 2017 च्या एक जानेवारीला, वर्षातल्या सर्वांत गजबजलेल्या रात्री, प्रणाली बंद पडल्याने साडेबारा ते सव्वापाच पुन्हा निघाले.

आपल्याकडे 108 चा पाळणा हैदराबादेत 15 ऑगस्ट 2005 रोजी हलला, सत्यम कॉम्प्युटर्सच्या राजू मंडळींच्या पुढाकाराने. सॉफ्टवेअरवाल्यांच्या घरात जन्मलेली ही सेवा पट्टा आणि फॉर्मांचा काळ न पाहताच थेट पडद्यावर बसली. महाराष्ट्रात 2014 साली ती आली ती 937 गाड्या घेऊन, त्यातल्या 233 ॲडव्हान्स्ड आणि 704 बेसिक लाइफ सपोर्टच्या. नियंत्रण केंद्र पुण्यात, औंधच्या उरो रुग्णालयात. एकाच खोलीतून गडचिरोलीचीही गाडी हलवायची आणि सिंधुदुर्गातलीही.

लंडनच्या नकाशाच्या पुस्तकात गल्लीचा चौकोन सापडायचा. इथे पत्ता येतो तो ‘शाळेच्या मागं, टाकीपासून आत’ असा, आणि औंधात बसलेल्या माणसाने ती टाकी कधी पाहिलेली नसते. नकाशावर ठिपका असला तरी शेवटच्या दोन किलोमीटरना तो पुरत नाही. म्हणून गाडीचा चालक, ज्याला या सेवेत पायलट म्हणतात, फोन करणाऱ्याला त्याच्या मोबाइलवर परत फोन लावतो आणि चालत्या गाडीतून विचारतो, ‘दादा, फाट्यावरून डावीकडं का उजवीकडं?’